चेकवरच्या दोन रेघा

(मंडळाच्या मासिक सभेत वाचलेल्या भाषणाचा मजकूर. सभासदांच्या मागणीवरून येथे देत आहोत.)



आम्ही बँकेतले कारकून. काउंटरमागून बोलायची सवय, व्यासपीठावरून नाही. त्यातून विषय संगणकाचा आणि आमचे शिक्षण बी. कॉम.पर्यंतचे. म्हणून कार्यवाहसाहेबांनी गळ घातली तेव्हा आम्ही दोनदा नाही म्हटले. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "अहो, प्रोग्रॅम कसा लिहितात ते कोणाला हवे आहे? त्याचा करारनामा कसा वाचायचा तेवढे सांगा. करारनामे तुमच्या हातून रोज जातात." ह्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

तेव्हा मुक्त सॉफ्टवेअर, ज्याला 'ओपन सोर्स' असेही म्हणतात, त्याच्या परवान्यांचा वाद, त्यातले राजकारण आणि त्यातला पैसा, ह्याविषयी आज बोलणार आहोत.

निमित्त घरचेच आहे. येत्या वार्षिक सभेपुढे एक प्रस्ताव येणार आहे. सभासदांची नोंदवही, वधूवर सूचक विभागाच्या नोंदी, शिष्यवृत्ती निधीचा हिशेब आणि ह्या पत्रिकेचे जुने अंक, हे सगळे एका कंपनीच्या पॅकेजमध्ये भरायचे. पॅकेज आपल्या कार्यालयातल्या संगणकावर नसेल, कंपनीच्या संगणकावर असेल. आपण दरवर्षी वर्गणी भरायची आणि इंटरनेटवरून वापरायचे. पहिल्या वर्षाचा दर अगदी कमी आहे. दुसऱ्या वर्षापासून 'प्रचलित दराप्रमाणे' असे लिहिले आहे. कर्जाच्या कागदात असे वाक्य दिसले की आम्ही चष्मा काढून पुसतो आणि पुन्हा वाचतो.

जुन्या सभासदांना आठवत असेल, १९९८ ते २००७ पर्यंतचे आपले अंक एका मराठी टंकलेखनाच्या पॅकेजवर जुळवले जात. संगणकाच्या मागे अंगठ्याएवढा एक तुकडा खोचावा लागे, त्याला डोंगल म्हणत. तो असल्याशिवाय पॅकेज उघडत नसे. पुढे संगणक बदलला, नव्याला तो डोंगल खोचायची जागाच नव्हती. चौकशी केली तर ते पॅकेज बंद झाले होते. आज त्या दहा वर्षांच्या सीडी आपल्या कपाटात आहेत, नावे घालून, तारखा घालून, अगदी व्यवस्थित. काही फायली उघडतच नाहीत. ज्या उघडतात त्यात 'मंडळ' ह्या शब्दाच्या जागी इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम आणि डॉलरची खूण दिसते.

छापील अंक बहुतेक आहेत. पण २००१ च्या भूकंपानंतर आपण कच्छला जी मदत पाठवली, तिचा घरवार हिशेब ज्या अंकात छापला होता, तो अंक कपाटात नाही. कोणी किती रक्कम दिली, कोणाकडून भांडी गेली, कोणाकडून धान्य गेले, हे सांगणारा तेवढाच कागद होता. फाइल आहे. ती आपलीच आहे. वाचता मात्र येत नाही.

आमच्या पणजोबांचे मोडीतले कागद आमच्याकडे आहेत. तेही आम्हाला वाचता येत नाहीत, पण तो दोष आमचा. मोडी शिकता येते. २०१४ साली तिला युनिकोडमध्ये जागाही मिळाली. उद्या नातवंडांपैकी कोणी शिकले तर गायकवाडीतला तो कागद बोलू लागेल. ह्या सीडीचे तसे नाही. ती वाचायला शिकण्याची सोयच कोणी ठेवलेली नाही.

ह्यात लबाडी कोणी केली असे आम्ही म्हणत नाही. त्या वेळचा करारनामा आम्ही शोधून काढला. त्यात सगळे स्पष्ट लिहिले होते: पॅकेज विकलेले नाही, वापरण्याचा परवाना दिला आहे, एका संगणकापुरता, आणि आत कसे चालते हे पाहण्याचा अधिकार नाही. खाली मंडळाचा शिक्का आहे. सही करणाऱ्याने वाचले नव्हते. आज प्रस्ताव आणणाऱ्यांवर टीका करण्यापूर्वी हे कबूल केले पाहिजे.

आता परवाना म्हणजे काय? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाच्या प्रोग्रॅमला 'साहित्यकृती'त जमा केले. म्हणजे बँकेतले सॉफ्टवेअर हे कायद्याने साहित्य आहे, गोडी लागत नाही ही गोष्ट वेगळी. साहित्यकृती म्हटली की मालकी लेखकाची. ती आपण कशी वापरायची हे तो लिहून देतो, तोच परवाना. प्रोग्रॅमची दोन रूपे असतात. एक माणसाने लिहिलेले, माणसाला वाचता येणारे, त्याला सोर्स कोड म्हणतात. दुसरे यंत्रापुरते. बँकेच्या भाषेत, पासबुक ग्राहकाच्या हातात असते आणि रोजमेळ आत. बहुतेक कंपन्या पासबुक देतात. मुक्त सॉफ्टवेअरवाले म्हणतात, रोजमेळही द्या.

वाद जुना आहे. १९७६ च्या फेब्रुवारीत वीस वर्षांच्या बिल गेट्स यांनी हौशी संगणकवाल्यांना एक उघडे पत्र लिहिले. तुम्ही आमचा प्रोग्रॅम फुकट नकलून घेता, मग असे काम मेहनतीने करणाऱ्याने जगायचे कशावर, असा त्याचा रोख होता. प्रश्न रास्त होता आणि आजही सुटलेला नाही, त्याच्याकडे आपण पुन्हा येऊ. दुसरी बाजू रिचर्ड स्टॉलमन यांची. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास झेरॉक्सचा नवा प्रिंटर आला. जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की सगळ्यांना निरोप जाईल असा बदल त्यांनी स्वतः केला होता. नव्याचा सोर्स कोड मिळाला नाही, आणि ज्याच्याकडे होता त्याने कंपनीला दिलेल्या वचनाकडे बोट दाखवले. एवढ्याशा अडलेल्या कागदावरून माणूस पेटला. १९८३ साली त्यांनी संपूर्ण मुक्त यंत्रणा लिहिण्याचा संकल्प जाहीर केला, १९८५ ला फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन काढले आणि १९८९ मध्ये जीपीएल नावाचा परवाना आणला. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने लिनक्स लिहायला घेतले आणि पुढल्या वर्षी तेही ह्याच परवान्याखाली आणले.

मुक्त परवाने अनेक आहेत. मुख्य जाती दोन, आणि त्या आम्हाला समजल्या त्या चेकवरून.

बेअरर चेक ज्याच्या हातात, त्याचा. बीएसडी, एमआयटी, अपाची हे परवाने साधारण ह्या जातीचे: मूळ लेखकाचे नाव आणि परवान्याचा मजकूर राहू द्या, बाकी काय हवे ते करा. बेअरर चेकवर कोणाही धारकाला दोन रेघा मारता येतात, तसा अशा प्रोग्रॅमवर पुढच्याने काम करून आपली आवृत्ती कुलपात ठेवली तरी चालते. अ‍ॅपलच्या मॅक संगणकांच्या यंत्रणेत बीएसडी घराण्यातला बराच भाग आहे. सगळे कायदेशीर.

जीपीएल म्हणजे आधीच दोन रेघा मारलेला चेक. रेघांचा अर्थ असा: वापरा, बदला, विका सुद्धा, पण पुढे कोणाला द्याल तर सोर्स कोडसकट द्या आणि ह्याच अटीवर द्या. आपला १८८१ चा चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा धारकाला रेघा मारू देतो, पुसू देत नाही. जीपीएलच्या रेघाही प्रोग्रॅमबरोबर हातोहात पुढे जातात. चेक एक असतो आणि प्रोग्रॅमच्या प्रती कितीही निघतात, तेवढी सूट उपमेला द्यावी.

ह्या रेघा नुसत्या शोभेच्या नाहीत. २००३ साली लिंक्सिस कंपनीच्या घरगुती राउटरमध्ये लिनक्स आहे पण सोर्स कोड दिलेला नाही, हे लोकांच्या लक्षात आले. कंपनी तोवर सिस्कोने विकत घेतली होती. गाजावाजा झाल्यावर कोड द्यावा लागला, आणि त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरची मुक्त यंत्रणा उभी राहिली. २००४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने जीपीएलच्या अटी बंधनकारक धरल्या.

आणि रेघा उघडायच्या असतील तर? जुन्या रीतीप्रमाणे ते फक्त चेक लिहिणाऱ्याला जमे, पूर्ण सही करून. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता राजकारण. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली. २००५ च्या एका मुलाखतीत गेट्स यांनी बौद्धिक संपदेचे बंधन सैल करू पाहणाऱ्यांना नव्या काळातले कम्युनिस्ट ठरवले. आपल्याकडे केरळच्या शाळांनी हा मार्ग धरला, तेव्हा पुष्कळांनी त्याच्यावर लाल शिक्का मारून फाइल बंद केली. आम्हीही त्यात होतो. नंतर वाचले तेव्हा कळले की १९९८ साली 'ओपन सोर्स' हे नाव पुढे आणणाऱ्यांतले एरिक रेमंड हे पक्के मुक्त बाजारवाले, सरकारी हस्तक्षेपाचे कट्टर विरोधक. स्टॉलमन स्वातंत्र्याची भाषा बोलतात, रेमंड कार्यक्षमतेची. एकाच परवान्याखाली दोघेही बसतात.

२८ मे २००३ रोजी पुण्याजवळ हिंजवडीला एका माहिती तंत्रज्ञान संस्थेच्या कार्यक्रमात राष्ट्रपती अब्दुल कलाम बोलले. बिल गेट्स यांच्याशी झालेल्या भेटीचा उल्लेख करून त्यांनी सांगितले की सुरक्षिततेचा विषय निघाला तेव्हा दोघांचे मत जुळले नाही, आणि भारताने ओपन सोर्स मोठ्या प्रमाणावर उभे करावे असे त्यांना वाटते. कलामांना कम्युनिस्ट कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

त्याच सुमारास पेरू देशात मुक्त सॉफ्टवेअरच्या विधेयकावर मायक्रोसॉफ्टच्या तेथील कार्यालयाने हरकत घेतली. २००२ च्या एप्रिलमध्ये एडगर व्हिलान्युएवा या लोकप्रतिनिधीने तिला सविस्तर उत्तर दिले. त्यांचा मुद्दा फुकटपणाचा नव्हताच. नागरिकांची माहिती ही सरकारकडे ठेव आहे, ती कायम वाचता आली पाहिजे, आणि ते एखाद्या विक्रेत्याच्या मर्जीवर अवलंबून असता कामा नये, असे त्यांचे म्हणणे. ठेव हा शब्द आमचा आहे. पण ते वाचताना आमच्या डोळ्यांपुढे त्या सीडी होत्या.

आपल्या केंद्र सरकारने २०१५ च्या मार्चमध्ये धोरण जाहीर केले: सरकारी कामासाठी मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य, आणि ते वगळायचे तर कारण लिहून द्यायचे. कागद चांगला आहे. कारणे किती गांभीर्याने लिहिली जातात, हे सरकारी कचेरीत खेपा घातलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

परवान्याचे राजकारण म्हणजे काय हे आपल्या गुजरातेने २०२५ च्या जुलैमध्ये पाहिले. वाडीनारला नायरा एनर्जीचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे, देशातल्या मोठ्यांपैकी एक. त्यात रशियाच्या रोसनेफ्टचा मोठा हिस्सा. १८ जुलैला युरोपीय संघाने निर्बंध जाहीर केले, आणि चारपाच दिवसांत मायक्रोसॉफ्टने कंपनीची ई-मेल व इतर सेवा थांबवली. पैसे भरलेले, कंपनी भारतात नोंदलेली, भारताने असा कोणताही निर्बंध घातलेला नाही. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि महिनाअखेर सेवा सुरू झाल्या. बातमी दोन दिवसांत मागे पडली. पण एवढ्या मोठ्या कारखान्याची टपालपेटी परक्या देशातल्या निर्णयाने बंद होऊ शकते, तर आपल्या नोंदवहीची काय कथा?

ह्यावर कोणी म्हणेल, मग स्वदेशी घ्या. घ्यावे, आमची ना नाही. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये गृहमंत्री अमित शहा यांनी आपली ई-मेल झोहोवर नेल्याचे जाहीर केले, तेव्हा बँकेत चहाच्या वेळी आनंदाने चर्चा झाली. झोहो आपल्या देशातली कंपनी, चांगले काम करणारी. पण स्वदेशी आणि मुक्त हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला मालक कोण हे विचारतो, दुसरा आपल्या हातात किल्ली आहे का हे विचारतो. आपले डोंगलवाले पॅकेजही शंभर टक्के स्वदेशीच होते.

आणि मुक्त सॉफ्टवेअरला निर्बंध लागत नाहीत असेही नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये लिनक्सच्या देखभाल करणाऱ्यांच्या यादीतून दहाअकरा रशियन नावे अशाच निर्बंधांमुळे काढली गेली. पुष्कळांना ते आवडले नाही, आम्हालाही नाही. फरक एवढाच की माणसांना दाराबाहेर काढता आले, पण लिनक्सची प्रत मॉस्कोत चालू द्यायची की नाही हे ठरवण्याची सोय परवान्यात कोणालाच नव्हती. ती तेव्हाही चालत होती, आजही चालते.

असो. आता गेट्स यांच्या प्रश्नाकडे येऊ: जगायचे कशावर?

येथे मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांची बाजू आम्हाला लंगडी वाटते, आणि ते सांगितले पाहिजे. ओपनएसएसएल नावाचा प्रोग्रॅम आहे. आपण बँकेची साइट उघडतो तेव्हा मधल्या मधे कोणी वाचू नये म्हणून जे कुलूप लागते, ते जगभर फार मोठ्या प्रमाणात ह्या प्रोग्रॅमचे. २०१४ च्या एप्रिलमध्ये त्यात 'हार्टब्लीड' नावाचे मोठे भोक सापडले. तेव्हा बाहेर आले की ह्या प्रोग्रॅमला वर्षाला देणग्या मिळत सुमारे दोन हजार डॉलर, आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस एक. सगळ्या जगाच्या तिजोऱ्यांचे कुलूप, आणि कुलूपवाल्याला दिवाळीची पोस्त देखील नाही!

दुसरी गोष्ट आम्ही घरी सगळ्यांना सांगितली आहे, आता येथे सांगतो. एक्सझेड हा फायली दाबून लहान करणारा छोटासा प्रोग्रॅम, असंख्य लिनक्स संगणकांत बसलेला. सांभाळणारा एकटा गृहस्थ, तोही बिनपगारी आणि थकलेला. जिया टॅन असे नाव सांगणारी कोणी व्यक्ती मदतीला आली. दोन-अडीच वर्षे इमाने काम केले, विश्वास मिळवला, किल्ल्या हातात आल्या, आणि २०२४ च्या सुरुवातीला तिने त्यात चोरदार बसवले. मार्चच्या अखेरीस आंद्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टमधल्या अभियंत्याच्या लक्षात आले की लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. अर्धा सेकंद! त्यांनी सोडले नाही, मुळाशी गेले आणि चोरदार सापडले. दिवसाच्या अखेरीस सात रुपयांचा फरक आला की आमचे जुने हेड कॅशियर कोणालाही घरी जाऊ देत नसत. सात रुपये खिशातून टाका आणि सुटा, असे म्हणणाऱ्याला ते म्हणत, "सात रुपये नाहीत हो, सात हजार गेले आणि सहा हजार नऊशे त्र्याण्णव आले असतील तर?" फ्रॉइंड साहेब त्याच शाळेतले.

ह्या गोष्टीतून दोन्ही पक्ष आपापला मुद्दा काढतात. कोड उघडा होता म्हणून चोर सापडला, हे खरे. सांभाळणाऱ्याला पगार नव्हता म्हणून चोर आत आला, हेही तितकेच खरे. हार्वर्डशी संबंधित संशोधकांनी २०२४ मध्ये हिशेब मांडला की जगात वापरात असलेले मुक्त सॉफ्टवेअर नसते आणि प्रत्येक कंपनीला आपापले लिहावे लागले असते, तर सुमारे ८.८ लाख कोटी डॉलर खर्च आला असता. त्यातल्या ९६ टक्के मूल्याचा भार अवघे ५ टक्के लेखक उचलतात. असा ताळेबंद घेऊन कोणी कर्जाला आले तर आम्ही शाखाधिकाऱ्यांकडेच पाठवू.

पैसा मिळवण्याचे मार्ग निघाले नाहीत असे नाही. रेड हॅट कंपनीने मुक्त प्रोग्रॅम देऊन देखभालीचे पैसे घेतले, आणि २०१९ मध्ये आयबीएमने ती ३४ अब्ज डॉलरला घेतली. पण पुढे नवीनच पेच आला. जीपीएलची अट लागते प्रोग्रॅम पुढे 'दिला' तर. अ‍ॅमेझॉनसारख्या कंपन्या प्रोग्रॅम कोणाला देतच नाहीत. आपल्या संगणकावर चालवतात आणि नुसती सेवा भाड्याने देतात. चेक हातातून सुटलाच नाही, मग रेघांचा प्रश्न कुठे? बेअरर जातीच्या प्रोग्रॅमना तर तेवढीही आडकाठी नव्हती. लिहिणारी कंपनी लहान, भाडे खाणारी मोठी.

चिडून लिहिणाऱ्यांनी परवाने बदलले. मोंगोडीबीने २०१८ मध्ये, इलास्टिकने २०२१ मध्ये, हॅशीकॉर्पने २०२३ मध्ये, रेडिसने मार्च २०२४ मध्ये. कोड दिसेल, पण त्यावर अशी सेवा विकायला बंधन. मघाचा मुद्दा आठवा: चेक लिहिणाऱ्याला अटी बदलता येतात. 'पण त्या प्रोग्रॅममध्ये हजार बाहेरच्या लोकांनी भर घातली होती, त्यांचे काय?' असे आम्हालाही वाटले. कुठे परवाना मुळातच सैल होता, आणि कुठे भर घालतानाच एका कागदावर त्यांनी कंपनीला हे अधिकार देऊन टाकले होते. पुन्हा तेच, सही करण्याआधी न वाचलेला कागद.

लिनक्सचे तसे नाही. तेथे ज्याने लिहिले त्याचा त्याच्या भागावर हक्क, आणि असे हजारो लेखक. संयुक्त खाते, सर्वांच्या सह्या आवश्यक. परवाना बदलायचा म्हटले तरी कोणाला बदलता येत नाही.

पुढे काय झाले तेही मनोरंजक आहे. अ‍ॅमेझॉनने इलास्टिकच्या जुन्या मुक्त आवृत्तीवरून २०२१ मध्येच ओपनसर्च काढले. रेडिसच्या जुन्या आवृत्तीवरून त्याच महिन्यात व्हाल्की निघाले. जी प्रत एकदा मुक्त झाली, ती परत कुलपात जात नाही. २०२४ मध्ये इलास्टिक आणि २०२५ मध्ये रेडिस, दोघांनीही एजीपीएल हा मुक्त परवाना पुन्हा देऊ केला. हा जीपीएलचाच धाकटा भाऊ, नुसती सेवा देणाऱ्यालाही सोर्स कोड द्यायला लावणारा. आम्हाला विचाराल तर आधीच तो घेतला असता तर एवढी भटकंती वाचली असती.

म्युनिक शहराचे उदाहरण दोन्ही बाजू देतात, म्हणून थोडक्यात. २००३ मध्ये त्यांनी लिनक्सवर जायचे ठरवले, दहा वर्षांत सुमारे पंधरा हजार संगणक बदलले. २०१७ मध्ये विंडोजवर परतायचा ठराव केला. २०२० मध्ये नव्या आघाडीने पुन्हा मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य जाहीर केले. आमचे मत असे की त्यात सॉफ्टवेअरपेक्षा नगरपालिकाच जास्त दिसते.

तर आपल्या मंडळाने काय करावे? आम्ही तिघे सभासद बसून एक टिपण तयार केले आहे. आमचा कल असा की नोंदवही आणि हिशेबासाठी मुक्त परवान्याचा प्रोग्रॅम घ्यावा, तो आपल्याच संगणकावर ठेवावा आणि अंक युनिकोडमध्ये जुळवावेत. देवनागरीचे चांगले मुक्त फाँट आता भरपूर आहेत. मुंबईच्या एक टाइप मंडळींचा 'मुक्त' नावाचाच फाँट आहे. मात्र हे फुकट होईल असे समजू नये. आजवर संगणक बिघडला की कोणाच्या तरी मुलाला रविवारी बोलावून घ्यायचे आणि उपम्यावर बोळवण करायची, हा आपला शिरस्ता. हार्टब्लीड वेगळे काय होते? देखभालीला माणूस नेमावा, त्याला वर्षाचे पैसे द्यावेत, आणि जो प्रोग्रॅम वापरू त्याच्या लेखकांना निधीतून दरवर्षी लहानशी का होईना रक्कम पाठवावी, असे टिपणात लिहिले आहे. खर्चाची बेरीज कंपनीच्या पहिल्या वर्षाच्या दरापेक्षा जास्त होते. ते लपवलेले नाही.

सभेला कंपनीचेच पॅकेज सोयीचे वाटले तर आम्ही आडवे येणार नाही. पण मग करारात लिहून घ्यावे की सगळी माहिती, केव्हाही, कोणत्याही प्रोग्रॅममध्ये उघडेल अशा रूपात, वेगळा आकार न घेता परत मिळेल. नुसते लिहून भागणार नाही, दर वर्षी ऑडिटच्या वेळी खरोखर काढून, दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. वधूवर विभागाच्या नोंदींत मुलामुलींची जन्मवेळ, पगार, घरचे पत्ते असतात. त्या कोणाच्या संगणकावर राहणार आणि करार संपल्यावर तेथून पुसल्या जाणार का, ह्याचे उत्तर प्रस्तावात आज नाही. ते सभेआधी कंपनीकडून लेखी आणावे.

जुन्या सीडींचे काम थोडे पुढे सरकले आहे. आपल्या दोन तरुण सभासदांनी स्वयंसेवकांनी लिहिलेले मुक्त कन्व्हर्टर वापरून काही अंक सोडवले. जे साध्या मजकुराच्या फायलीत होते ते निघाले, जोडाक्षरे अजून विस्कटलेली आहेत, ती हाताने दुरुस्त करणे चालू आहे. पॅकेजच्या स्वतःच्या पानजुळणीत जे बंद होते ते निघाले नाहीत. भूकंपाचा अंक त्यातलाच.

टिपणाची प्रत ग्रंथालयात ठेवली आहे. हरकती आणि सूचना सभेच्या आठ दिवस आधी कार्यवाहांकडे लेखी द्याव्यात. आणि २००१ च्या मार्च-एप्रिलचा अंक कोणाच्या माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात असेल तर कृपया आणून द्यावा. पाने गळालेली असली तरी चालतील.